हक्काचे असूनही सोडून देणारी माणसे : आपापले अनुभव लिहा

हिरण्यकेशी :

सर्वांना ख्रिस्तात सलाम. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्यावर उपदेश झाला. पाळकसाहेबांनी फळा आणून त्यावर खडूने हिशेब मांडला, तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुजणारी मुलेही गप्प झाली. एक दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. राजाने चाकराला माफ केलेले दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली; वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तरी ती दोन लाख वर्षांची कमाई होते. एवढी सूट घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी.

इथपर्यंतचे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. पण पाळकसाहेब पुढे म्हणाले की, शंभर दीनार ही काही चिल्लर नव्हती, ती शंभर दिवसांची मजुरी होती, आणि चाकर खोटे काहीच मागत नव्हता. पैसे त्याचेच होते, देणे खरे होते आणि कायदाही त्याच्या बाजूचा होता. आपल्या हातात काहीच नसते तेव्हा दयाळू असणे सोपे जाते; हक्क आपल्या बाजूला असतो तेव्हा आपण कसे वागतो, ते प्रभू पाहतो.

हे ऐकताना मला आमची संकेश्वरकडची विहीर आठवली. थोरले चुलते वारल्यावर जमिनीची वाटणी झाली, पण विहीर सामाईक राहिली. खोदाईचा बहुतेक खर्च माझ्या वडिलांनी केलेला होता, म्हणून आठवड्यातले चार दिवस पाणी आमचे आणि तीन दिवस थोरल्या काकूंचे, अशी पाणीपाळी वाटणीपत्रातच लिहिलेली होती. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि उन्हाळा लागण्याआधीच झरे इतके आटले की, विहिरीचे पाणी एकाच वावराला पुरले असते. दोन्ही वावरांत मिरचीच उभी होती. काकूंच्या घरात दोन मुली लग्नाच्या होत्या आणि सोसायटीचे कर्जही होते.

शेताला वीज रात्री यायची. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली आमच्या माजघरात खुंटीला असे. एका संध्याकाळी वडिलांनी ती काढली, सदरा अंगात घातला आणि काकूंच्या दारात जाऊन सांगितले, "वहिनी, या हंगामाला किल्ली तुमच्याकडेच राहू दे." आमची मिरची त्या वर्षी वाळून गेली. माझे वडील स्वभावाने मऊ होते, असे मुळीच नाही. सुट्या पैशांवरून ते कंडक्टरशी निपाणीपर्यंत वाद घालत असत. म्हणूनच ती किल्ली माझ्या मनात इतकी वर्षे राहिली आहे.

तुमच्या घरात, मंडळीत, गावात असे कोणी पाहिले असेल तर लिहा. देणगी आणि वर्गणीचे अनुभव तर आहेतच, पण आपला हक्क असूनही त्यावर पाणी सोडणारी माणसे मला विशेष वाचायला आवडतील.

खानापूरची सून :

ताई, चूल पेटलेली आहे, तरीही लिहिते. आमच्या सासूबाई भाताची कापणी करताना शेताचे कोपरे कधीच कापू देत नसत. त्यांना वाचता येत नाही. पण लहानपणी गावात येणाऱ्या बायबलबाईंकडून त्यांनी शेतात सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट ऐकली होती, आणि लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवायला सांगितले आहे, हेही त्यांना तोंडपाठ आहे. विळ्याने कापणी होती तोवर कोणाला काही वाटले नाही. खरी अडचण यंत्र आल्यावर झाली. यंत्रवाला परगावचा आणि पैसे तासावर. त्याला बांधापर्यंत सरळ जाऊन वळणे सोयीचे, आणि आमच्या यजमानांनाही पोतेभर भात वाया घालवणे पटत नव्हते. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन यंत्रापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला पैसे तासाचे देतोय न्हवं? मग मी सांगते तिथनं वळव."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतल्या बाया येतात आणि कोपरे कापून नेतात. त्या कोणत्या जातीच्या आणि चर्चला जातात की देवळात, हे आमच्या घरी कोणी विचारलेले नाही. एका वर्षी त्यांनी कोपऱ्यांबरोबर गंजीतल्याही पेंढ्या ओढल्या. सासूबाईंनी भर शिवारात त्यांची खरडपट्टी काढली, गावभर ती गोष्ट झाली, आणि पुढच्या वर्षी कोपरे पुन्हा तसेच उभे ठेवले. यजमानांनी कारण विचारले, तर उत्तर आले की, चोरी त्यांनी केली, त्यासाठी मी का बदलायचे?

रात्रपाळी :

बसमध्ये उभा आहे, फोन एका हातात आहे, त्यामुळे सविस्तर लिहिता येत नाही. हिरण्यकेशीताई, तुमच्या वडिलांना माझा सलाम. कंडक्टरशी वाद घालणारे वडील आमच्याही घरी होते. बाकी रात्री लिहितो.

निपाणीकर :

माझा अनुभव २०१९ च्या ऑगस्टमधील पुराचा आहे. तो पूर इथल्या सर्वांनीच पाहिला असल्यामुळे पाण्याचे वर्णन करत बसत नाही. वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले, पुणे-बेंगळूरु रस्ता बंद झाला आणि मालमोटारींची रांग लागली. त्यांत तमिळ, मल्याळी, राजस्थानी असे सगळे चालक होते आणि त्यांच्याजवळचे खाणे संपत आलेले होते. आमच्या मंडळीच्या महिला संघाने भाकऱ्या करायचे ठरवले.

आमच्या शेजारी एक बाई एकट्या राहतात. त्यांच्याशी आमच्या घराचे सांडपाण्याच्या गटारीवरून बोलणे बंद होते, आणि खरे सांगायचे तर गटारीच्या बाबतीत चूक त्यांचीच होती. त्यांच्या मागच्या खोलीत पाणी शिरून ज्वारीचे पोते खालून भिजले होते. पीठ मागायला त्यांच्याकडे कोणी गेले नाही. अशा घरी कोण मागणार? त्या स्वतःच डोक्यावर डबा घेऊन आमच्या पडवीत आल्या, पोत्यातला वरचा कोरडा भाग आदल्या दिवशी दळून आणला होता, तो त्यांनी परातीत ओतला आणि भाकऱ्या थापायला बसल्या. माझ्या आईने त्यांच्याकडे पाहिले, काहीच न बोलता तव्याकडची जागा दिली आणि स्वतः सरपण फुंकायला गेली. ते सरपण ओले असल्याने सगळ्यांचेच डोळे गळत होते, म्हणून कोण रडते आहे आणि कोण नाही, ते कोणालाच कळले नाही.

सारफथच्या विधवेची गोष्ट आपण १ राजे १७ मध्ये वाचतो. मडक्यात मूठभर पीठ असताना तिने आधी एलीया संदेष्ट्यासाठी भाकर केली. तिथे पीठ सरले नाही, असे लिहिलेले आहे. आमच्या शेजारणीचे मात्र सरले, आणि पुढे काही आठवडे ती बाई सरकारी मदतीच्या रांगेत उभी राहिली. ही गोष्ट सांगताना शेवटचा भाग बरेच जण गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिला. गटारीचा वाद अद्याप मिटलेला नाही, पण आता निदान बोलून भांडण होते.

वडगावची विणकरीण :

सर्वांचे अनुभव वाचले आणि मला थोडे वेगळे लिहावेसे वाटते, ते कृपया कोणी मनाला लावून घेऊ नये.

आमच्या घरी यंत्रमाग होते. माझे वडील मंडळीत फार दयाळू माणूस म्हणून ओळखले जात. कोणीही डोळ्यांत पाणी आणून दारात उभा राहिला की, ते त्याला पतसंस्थेत जामीन राहत असत. एकदा एक जण कर्ज बुडवून गाव सोडून गेला आणि हप्ते आमच्या घरावर आले. वडील म्हणाले, "प्रभूने आपल्याला किती माफ केले आहे, त्या मानाने हे काय आहे?" वाक्य सुंदर होते. पण रात्रीच्या पाळीला मागावर आई उभी राहू लागली, आणि शाळा सुटल्यावर कांड्या भरण्याचे काम माझ्याकडे आले. धोटा अडकला की, सूत तुटते आणि साडीत दोष येतो. मग व्यापारी मजुरी कापतो. अर्ध्या झोपेत आईच्या हातून अशा किती साड्या गेल्या असतील, ते तिलाच माहीत. आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. मंडळीत मात्र साक्ष द्यायला वडील उभे राहत आणि लोक आमेन म्हणत.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे. जी दया करणाऱ्याला स्वतःला काही सोसावे लागत नाही, आणि जिची किंमत घरातल्या दुसऱ्या कोणाला, बहुतेक वेळा बाईला, न विचारता मोजावी लागते, तिला स्वार्थत्याग म्हणायचे का? दयाळू म्हणवून घेण्याची हौस हाही स्वार्थच नाही का? नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्या माणसाला, जा आणि त्यातून सुटका करून घे, असे स्पष्ट सांगितले आहे. पौलानेही तीमथ्याला लिहिले आहे की, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट होय. या वचनांवर उपदेश झालेला मी तरी फारसा ऐकलेला नाही.

हिरण्यकेशीताई, तुमच्या वडिलांविषयी मला आदर वाटला. तरी विचारते : किल्ली खुंटीवरून काढण्यापूर्वी त्यांनी तुमच्या आईला विचारले होते का?

कोपऱ्यातला बाक :

ताईंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. आमच्याकडेही असेच होते, पण मी अधिक बोलत नाही, कारण माझ्या घरचे हा धागा वाचतात.

हिरण्यकेशी :

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून दुपारी आईला फोन केला. आईने सांगितले ते शक्य तितके तिच्याच शब्दांत देते : "इचारलं कुठं? देऊन आल्यावर सांगितलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, पाणी दिलंत, ते बरं केलंत, पर रोपं माझ्या हातची होती, मला एकदा सांगायचं होतं. मग गप बसले. रात्री परत आले आणि म्हणाले, पुढच्या साली काय लावायचं ते तू ठरव." आणि पुढच्या वर्षी आईने खरोखरच मिरची न लावता भुईमूग लावला, हे मला आज प्रथमच कळले. थोरल्या काकूंनी मिरची आल्यावर एक पोते आमच्या घरी पाठवले होते, आणि आईने ते परत न पाठवता ठेवून घेतले, असेही ती म्हणाली. "द्यायला आली ती, परत पाठवून तिला लहान कशाला करायचं," हे तिचे कारण.

तुमच्या आईंना हे वाचून दाखवता आले तर दाखवा.

वडगावची विणकरीण :

दाखवले. ती म्हणाली, "तिनं बोलून दाखवलं, ते बरं केलं." पोते ठेवून घेतल्याचे तिला विशेष आवडले.

कॅम्पातील मी :

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडचा एक अनुभव लिहितो. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ पासून २० नोव्हेंबर २०१६ पर्यंत दयेचे विशेष वर्ष जाहीर केले होते, तेव्हा आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दयेची सात शारीरिक कृत्ये मुलांकडून पाठ करून घेतली जात : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट आणि मृताला मूठमाती. पहिली सहा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातून येतात आणि सातव्याची आठवण तोबितच्या पुस्तकातून होते. पाठ करणे सोपे असते. आमच्या बेळगावात हिंडलग्याला मोठे कारागृह आहे, तिथे नाताळच्या आधी गाणी म्हणायला जाणारेही पुष्कळ असतात.

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध दुकानदाराची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या दुकानातल्या नोकराने बरीच मोठी रक्कम लांबवली, पोलिसांत तक्रार झाली आणि तो माणूस आत गेला. काकांनी तक्रार मागे घेतली नाही. पुष्कळांनी त्यांना क्षमेची वचने ऐकवली, तेव्हा ते म्हणाले की, कोर्ट कोर्टाचे काम करील आणि मी माझे करीन. मग ते त्याच नोकराला भेटायला हिंडलग्याला जाऊ लागले. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचे, बाकावर वाट पाहत बसायचे, आणि थोडा वेळ बोलायला मिळायचे. पहिल्या भेटीत तो माणूस मान वर करीना. काकांच्या लक्षात आले की, तो जाळीपलीकडून डोळे बारीक करून पाहतो आहे, कारण अटकेच्या गडबडीत त्याचा चष्मा फुटला होता. काकांनी त्याच्या घरून जुनी चिठ्ठी आणवली, त्या नंबरचा चष्मा करून घेतला आणि रीतसर परवानगी घेऊन आत दिला. त्याच्या मुलांची शाळेची फीही ते भरत राहिले, पण ती त्याच्या बायकोच्या हाती न देता थेट शाळेत भरली, कारण पैशाच्या बाबतीत त्या घरावर त्यांचा विश्वास उरलेला नव्हता आणि तसे ते उघड सांगतही.

वडगावच्या ताईंच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, असे मला वाटते. दया करताना डोळे मिटून घेतले पाहिजेत, असे प्रभूने कुठे सांगितलेले नाही. काकांच्या मुलांना मात्र हे अजूनही पटलेले नाही, आणि जेवताना तो विषय निघाला की, धाकटा मुलगा ताटावरून उठतो.

प्रीतिभोजनाचा वाढपी :

एवढ्या गंभीर अनुभवांत माझा अनुभव हलका आहे, तरी धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. माणसाचा स्वार्थ पाहायचा असेल, तर सुगीच्या सणाला अर्पणांचा लिलाव संपल्यानंतरच्या जेवणात मटणाच्या पातेल्यापाशी उभे राहावे. उपासनेत डोळे मिटून "सर्वस्व अर्पितो" गाणारी मंडळी पंगतीत डोळे उघडे ठेवून नळी शोधतात. आमच्याकडे एक वयस्कर वडीलधारे आहेत, ते दरवर्षी वाढायला उभे राहतात आणि सर्वांत शेवटी जेवतात. तोवर पातेल्यात रस्सा आणि एखादा बटाटा एवढेच उरते. मी एकदा त्यांच्यासाठी चार फोडी वाटीत काढून झाकून ठेवल्या. त्यांनी वाटी घेतली, आभार मानले, आणि बाहेर मंडपाचे खांब काढणाऱ्या पोरांना देऊन आले. वाटी मात्र मला परत आणून दिली, कारण ती मंडळीच्या भांड्यांतली होती आणि मोजून घेतलेली होती.

खानापूरची सून :

वाढपीदादा, नळी शोधणाऱ्यांत आमचे यजमान नक्की असणार. हसून हसून भात करपला.

रात्रपाळी :

आता बसून लिहितो. मी परिचारक आहे आणि काही वर्षे मिरजेत काम केले. आपल्या सीमाभागातली माणसे मोठा आजार झाला की, मिरजेला जातात, ही सवय आजची नाही. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून चिकोडी-अथणीकडच्या घराघरांत मिरजेचे नाव आहे. मी ज्या ठिकाणी होतो, त्याचे नाव लिहीत नाही.

मला एवढेच सांगायचे आहे की, दया ही भावना आहे, असे समजून या कामात आलेला माणूस लवकर थकतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. पहाटे चार वाजता कोणाच्याही मनात कोणाविषयी भावना नसते. आमच्या वॉर्डात एक म्हातारे होते, ते प्रत्येक वेळी कूस बदलताना मराठीत शिव्या देत आणि मराठी संपली की कानडीत सुरू करत. माझ्याबरोबर पाळीला एक सिस्टर होत्या, वयाने मोठ्या, हुक्केरी भागातल्या. त्या त्यांच्या शिव्यांना उत्तर देत नसत आणि गोड बोलण्याचाही प्रयत्न करत नसत. चादरीची सुरकुती काढायची, टाचेखाली उशी सरकवायची, पाठ कोरडी करून पाहायची, पाणी विचारायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. मी एकदा विचारले की, तुम्हाला राग येत नाही का? त्या म्हणाल्या, "येतो की. पर राग माझा हाय, पाठ त्यांची हाय."

करोनाच्या काळात कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी सुरू झाली आणि इकडून तिकडे जाणे अवघड झाले, तेव्हा रजेवर गावी आलेल्या त्या सिस्टर परत कामावर जाण्यासाठी कागदपत्रे घेऊन नाक्यावर उभ्या राहिल्या. घरी बसून राहण्याचे सबळ कारण हातात होते, आणि कोणी त्यांना नाव ठेवले नसते. त्या गेल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना अडवले होते, हेही नोंदवतो, आणि ते चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही.

गोकाकची शिक्षिका :

वडगावच्या ताईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून थोडे लिहिते. दया करणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड झाली की, त्यात करणाऱ्याचा अहंकार पोसला जातो. या बाबतीत मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा जन्म १८५८ मधला, आपल्याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, आणि तरुणपणी आईवडील दुष्काळातच गेलेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या. पण त्यांना नुसते जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, तेलघाणा, शेती, छपाई अशी कामे तिथे शिकवली गेली, आणि रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या पवित्र शास्त्राची छपाईही त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी झाली. ज्या बाईला काल कोणी उचलून आणले, ती आज छपाईचे खिळे जुळवते आहे, ही दया मला अधिक पटते, कारण तिथे देणाऱ्याला आपले मोठेपणही सोडावे लागते. पैसा सोडण्यापेक्षा ते अवघड असावे.

हिरण्यकेशीताईंच्या आईने मिरचीचे पोते ठेवून घेतले, ते याच जातीचे आहे.

मलप्रभाकाठ :

मी फक्त वाचत होतो, लिहिणार नव्हतो. माझा आणि धाकट्या भावाचा जमिनीचा दावा बरीच वर्षे चालू आहे. कागद माझ्या बाजूचे आहेत, हे त्याच्या वकिलालाही ठाऊक आहे. पेत्राने प्रभूला विचारले की, सात वेळा क्षमा करू का, आणि उत्तर सात वेळा सत्तरचे मिळाले, हे मला माहीत आहे. पण क्षमा करायची म्हणजे जमीन सोडायची का, निम्मी द्यायची का, की जमीन ठेवून नुसते बोलणे सुरू करायचे? माझ्या बायकोने या शेतात माझ्याइतकेच हाडे झिजवली आहेत. वडगावच्या ताईंचे वाचल्यावर काल रात्री मी तिला प्रथमच विचारले. ती म्हणाली, बांधाकडचा आंब्याचा तुकडा त्याला द्या, वाडवडिलांची झाडे आहेत, त्याच्याही पोरांनी खावीत; पण विहिरीकडचे देऊ नका. उद्या खानापूरच्या न्यायालयात तारीख आहे. तडजोडीचे बोलावे, असे मनात आहे, पण पहिला शब्द कसा काढायचा, ते सुचत नाही.

कॅम्पातील मी :

दादा, वकिलामार्फत न सांगता स्वतः बोला, एवढे सुचवतो. आणि वहिनींनी जेवढे सांगितले तेवढेच बोला, भरात येऊन विहीर देऊन बसू नका.

वडगावची विणकरीण :

वहिनींना विचारलेत, हे वाचून बरे वाटले. प्रार्थनेत आठवण ठेवते. जे ठरेल ते लेखी करून घ्या आणि त्यावर वहिनींचीही सही असू द्या.

रात्रपाळी :

बोलता आले नाही, तर चहा घेणार का, एवढेच विचारा. भाऊ आहे, नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर पुढच्या तारखेला पुन्हा विचारता येईल.

खानापूरची सून :

मलप्रभादादा, आमचे घर न्यायालयापासून फार लांब नाही. दुपारी बाहेरचे खाऊ नका, दोघेही जेवायला या. सासूबाईंना सांगितले आहे. एका पंगतीला बसण्याची सक्ती नाही, एकाला पडवीत आणि एकाला स्वयंपाकघरात वाढता येईल. पत्ता निरोपातून पाठवते. उद्या मासेही मिळतील.

मलप्रभाकाठ :

ताई, तो येईल की नाही, ते सांगता येत नाही. मासे मला चालतात, पण धाकट्याला लहानपणापासून माशांचा वासही सोसत नाही, तेव्हा जमल्यास त्याच्यापुरती डाळ वेगळी ठेवा.